एकाला गोळी लागली की सगळेच शत्रू लाल का होतात? कॉपी आणि रेफरन्सचे बग कसे शोधायचे

गेम स्क्रिप्टिंगमध्ये एक तक्रार दोन उलट रूपांत सतत समोर येते. पहिलं रूप असं: एका शत्रूला गोळी लागते आणि पडद्यावरचे सगळे शत्रू एकदम लाल होतात, किंवा सगळ्यांची हेल्थ एकाच वेळी उतरते. दुसरं रूप असं: कोड चालतो, कन्सोल स्वच्छ असतो, पण ज्या वस्तूची जागा किंवा वेग बदलायचा होता ती जागची हलत नाही. दोन्हींचं मूळ एकच आहे. तुमच्या हातात मूळ वस्तू आहे की तिची प्रत, हा अंदाज चुकलेला असतो.

म्हणून निदान लक्षणापासून सुरू करा. बदल हरवत असेल तर तुम्ही नकळत प्रतीवर काम करत आहात. उपाय म्हणजे बदललेली प्रत मूळ जागी परत ठेवणं. बदल पसरत असेल तर एकच वस्तू नकळत अनेकांच्या हाती दिली गेली आहे. उपाय म्हणजे प्रत्येकाला स्वतःची वस्तू देणं. हे आधी ठरवल्याशिवाय कोडला हात लावू नका. बदल हरवत असताना कुठेतरी वाचलेलं डुप्लिकेट (प्रत काढणारं फंक्शन) चिकटवलं, तर आधीच एक जास्त असलेल्या प्रतीत आणखी एकीची भर पडते आणि बग खोल जातो.

आत काय घडतं ते थोडक्यात. व्हॅल्यू टाइपच्या व्हेरिएबलमध्ये माहिती स्वतः असते. एका व्हेरिएबलमधून दुसऱ्यात टाकली की तिची प्रत निघते आणि दोघांचा संबंध संपतो. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर पेनने काही खोडलं तरी तलाठ्याच्या दप्तरात काही बदलत नाही, तसंच. रेफरन्स टाइपच्या व्हेरिएबलमध्ये मात्र वस्तू कुठे आहे एवढंच लिहिलेलं असतं. असाइन केल्यावर प्रत निघते ती त्या पत्त्याची, वस्तू एकच राहते. युनिटी इंजिनात वापरल्या जाणाऱ्या सी शार्पमध्ये स्वतःचा टाइप दोन प्रकारे बनतो: स्ट्रक्ट म्हणजे व्हॅल्यू आणि क्लास म्हणजे रेफरन्स. गोडो इंजिनच्या जीडीस्क्रिप्ट भाषेत आकडे, बुलियन, स्ट्रिंग, व्हेक्टर२, व्हेक्टर३, कलर, ट्रान्सफॉर्म हे व्हॅल्यू. ॲरे, डिक्शनरी, नोड (गेममधला एकेक घटक) आणि रिसोर्स (मटेरियल, टेक्स्चर यांसारखा डेटा) हे रेफरन्स. लुआमध्ये टेबल रेफरन्सने फिरतं, आकडे आणि बुलियन व्हॅल्यूने.

एवढं बहुतेकांना पाठ असतं, तरी बग येतोच. कारण हा नियम टाइपबद्दल बोलतो आणि बग बहुधा प्रॉपर्टीत किंवा इंजिनच्या सवयीत दडलेला असतो. पुढे त्याच जागा पाहू.

बदल हरवतो: युनिटी आणि सी शार्प

सगळ्यात ओळखीची ओळ ही:

ट्रान्सफॉर्म.पोझिशन.एक्स = ५;

इथे कंपायलर सीएस १६१२ ही एरर देतो. तिचा आशय असा की पोझिशनने परत दिलेली व्हॅल्यू बदलता येणार नाही, कारण ती व्हेरिएबल नाही. पोझिशन दिसते साध्या फील्डसारखी, पण ती प्रॉपर्टी आहे, म्हणजे आतून फंक्शन. ते व्हेक्टर३ परत देतं, आणि व्हेक्टर३ स्ट्रक्ट असल्यामुळे तुमच्या हाती प्रत येते. तिचा एक्स बदलून ती लगेच फेकली जाणार होती. कंपायलर तुम्हाला त्यापासून वाचवतो आहे, त्याच्यावर चिडू नका. उपाय तीन ओळींचा:

व्हेक्टर३ जागा = ट्रान्सफॉर्म.पोझिशन;
जागा.एक्स = ५;
ट्रान्सफॉर्म.पोझिशन = जागा;

बाहेर काढा, बदला, परत ठेवा. हिंज जॉइंटचा मोटर, व्हील कोलायडरची सस्पेन्शन स्प्रिंग, बटनाचे कलर्स, सगळीकडे हाच क्रम लागतो, कारण तिथेही स्ट्रक्टच परत मिळतो. यांत शेवटची ओळ विसरली जाते. मोटरची प्रत काढून तिच्यात फोर्स भरला आणि परत ठेवलाच नाही, तर कंपायलर एक शब्द बोलत नाही आणि दरवाजा हलत नाही.

जुनी उदाहरणं पाहून शिकणाऱ्यांचा इथे वेगळाच गोंधळ होतो. युनिटीत पूर्वी युनिटीस्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टसारखी दिसणारी भाषा होती. तिच्यात पोझिशनचा एक्स थेट बदलता येत असे, कारण काढणं आणि परत ठेवणं ही कामं तिचा कंपायलर गुपचूप करत असे. युनिटीने २०१७ मध्ये ती भाषा बंद करण्याचं जाहीर केलं. तरी त्या काळातला कोड इंटरनेटवर अजून सापडतो, आणि तो सी शार्पमध्ये उतरवताना नेमकी हीच ओळ अडते. त्या उदाहरणातला तर्क बरोबर होता. सी शार्प ते काम पडद्याआड करत नाही, एवढाच फरक.

गोडोमध्ये सी शार्प वापरणाऱ्यांना हीच एरर येते. तिथे भाषेची आवृत्ती नवी असल्याने ‘विथ’ वापरून एका ओळीत नवी व्हॅल्यू बनवून ठेवता येते. स्ट्रक्टसाठी ही सोय सी शार्प १० मध्ये आली. युनिटी ६ मध्येही सी शार्प ९ असल्याने गोडोसाठी लिहिलेली तशी ओळ युनिटीत चालत नाही.

एरर येते तिथे दुखणं निम्मं बरं झालेलं असतं. खरा वेळ खातात ते गप्प बग. समजा तुम्ही कूलडाउनसाठी स्वतःचा स्ट्रक्ट केला, त्यात उरलेला वेळ कमी करणारी टिक नावाची मेथड लिहिली, आणि असे टायमर लिस्टमध्ये ठेवले. दर फ्रेमला तुम्ही लिहिता:

टायमर्स[०].टिक(डेल्टा);

हे कंपाइल होतं, चालतं, आणि टायमर जिथल्या तिथे राहतो. लिस्टचा कंस आतून फंक्शनच आहे. तो प्रत देतो, टिक त्या प्रतीचा वेळ कमी करते आणि प्रत नाहीशी होते. थेट फील्डमध्ये लिहिलं असतं तर सीएस १६१२ आली असती, पण मेथड कॉलला कंपायलर हरकत घेत नाही. गंमत अशी की लिस्टऐवजी साधा ॲरे घेतला तर तीच ओळ बरोबर चालते, कारण ॲरेचा घटक हा खरा व्हेरिएबल असतो. त्यामुळे ‘काल चालत होतं, फक्त ॲरेची लिस्ट केली’ असं कोणी सांगितलं तर आधी घटक स्ट्रक्ट आहे का ते विचारा. फील्डला रीडओन्ली लावलं तरी असंच होतं: बदल करणारी मेथड लपलेल्या प्रतीवर चालते. फॉरईचमध्ये स्ट्रक्टचं फील्ड बदलायला गेलात तर सीएस १६५४ ही एरर तरी येते, मेथड बोलावलीत तर पुन्हा शांतता.

माझं मत ठाम आहे: स्वतः बदलणाऱ्या मेथड स्ट्रक्टमध्ये ठेवूच नका. डॉटनेटची डिझाइन मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात की स्ट्रक्ट लहान, साधारण १६ बाइटच्या आत आणि न बदलणारा असावा. युनिटीचा व्हेक्टर३ १२ बाइटचा आहे. तो स्ट्रक्ट ठेवण्यामागे चांगलं कारण आहे: एका फ्रेममध्ये हजारो व्हेक्टर बनतात आणि मोडतात. ते क्लास असते तर प्रत्येकाचा कचरा हीपवर (मेमरीच्या एका भागात) साठला असता आणि तो साफ करणारा गार्बेज कलेक्टर धावताना गेम अडखळला असता. टायमरसाठी हे कारण लागू होत नाही. टायमर क्लास करा आणि मोकळे व्हा.

आता नियम पाठ असलेल्यांनाही फसवणारी जागा. मेशचे (त्रिमितीय आकाराच्या जाळीचे) व्हर्टेक्स, म्हणजे कोपऱ्यांचे बिंदू, बदलायचे आहेत:

मेश.व्हर्टिसेस[०] = नवी_जागा;

ॲरे हा रेफरन्स टाइप. म्हणजे मूळ ॲरे हाती आहे, त्यात लिहिलं की मेश बदलणार, असंच कोणीही म्हणेल. एरर नाही, वॉर्निंग नाही, मेशही बदलत नाही. कारण व्हर्टिसेस ही प्रॉपर्टी दर वेळी इंजिनच्या आतल्या डेटाचा नवाकोरा ॲरे बनवून देते. तुम्ही रेफरन्स टाइपच्या, पण वेगळ्याच वस्तूत लिहिलं. हीच ओळ लूपमध्ये असेल तर प्रत्येक फेरीत संपूर्ण ॲरेची प्रत निघते. दहा हजार व्हर्टेक्सचा मेश असेल तर तेवढ्यानेच फ्रेम रेट कोसळतो. ॲरे लूपच्या आधी एकदा बाहेर काढा, बदला, लूपनंतर परत ठेवा.

याच्या उलट टोकाला पार्टिकल सिस्टिम बसली आहे. तिचा मेन मॉड्यूल स्ट्रक्ट आहे, तरी

व्हार मेन = पार्टिकल्स.मेन;
मेन.स्टार्टस्पीड = ५;

एवढ्यावर खरा वेग बदलतो, परत ठेवावं लागत नाही, ठेवताही येत नाही. त्या स्ट्रक्टमध्ये माहिती नाही; तो मूळ सिस्टिमकडे बोट दाखवणारा पातळ दुवा आहे. आणि एका ओळीत पार्टिकल्स.मेन.स्टार्टस्पीड असं लिहिलंत तर मात्र सीएस १६१२ येणारच, कारण कंपायलरला फक्त स्ट्रक्ट दिसतो, आतला दुवा दिसत नाही. म्हणून नुसता टाइप पाहून निकाल देऊ नका, त्या प्रॉपर्टीच्या डॉक्युमेंटेशनमधल्या दोन ओळी वाचा.

बदल हरवतो: जीडीस्क्रिप्ट आणि ब्लूप्रिंट

जीडीस्क्रिप्टमध्ये पोझिशन.एक्स = ५ बिनदिक्कत चालतं. युनिटीस्क्रिप्टसारखंच इथेही व्हॅल्यू काढून, बदलून परत ठेवण्याचं काम भाषाच करते. ही सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे पोझिशन रेफरन्स आहे असा समज घट्ट बसतो. मग कोणी लिहितं:

व्हार जागा = शत्रू.पोझिशन
जागा.एक्स += १०

आणि शत्रू हलत नाही. साखळी तुटली, मधे व्हेरिएबल आला, की ती प्रत. व्हेक्टरच्या ॲरेवर फॉर लूप चालवून प्रत्येकात भर घातली तरी हेच: लूपचा व्हेरिएबल प्रत आहे, ॲरे तसाच राहतो. इंडेक्सने फिरा. लाइन२डीच्या पॉइंट्सवर थेट अपेंड केलं तर रेघ वाढत नाही, कारण ती प्रॉपर्टी प्रत देते. त्यासाठी ॲड पॉइंट हे फंक्शन आहे, ते वापरा.

अनरियल इंजिनच्या ब्लूप्रिंटमध्ये, म्हणजे चौकटी जोडून केलेल्या स्क्रिप्टिंगमध्ये, कोड दिसत नसल्यामुळे हे ओळखणं अवघड जातं. स्ट्रक्टचा ॲरे, त्यावर फॉर ईच लूप, आणि आत सेट मेंबर्सचा नोड: ब्लूप्रिंट दिसायला निर्दोष, पण लूप घटकाची प्रत देतो आणि मूळ ॲरे तसाच राहतो. तिथे सेट ॲरे एलेम जोडा, किंवा ॲरेतून घेताना ‘गेट’चा प्रत देणारा प्रकार सोडून रेफरन्स देणारा प्रकार निवडा. मॅपचा फाइंड नोडही स्ट्रक्टची प्रत देतो. बदल केल्यावर त्याच किल्लीने पुन्हा ॲड करावं लागतं. इन्व्हेंटरीत वस्तूंची संख्या वाढत नाही ही तक्रार आली की आधी तिथेच पाहावं.

रोब्लॉक्सवाले या बाबतीत सुखी आहेत. तिथला व्हेक्टर३ बदलताच येत नाही. एक्समध्ये लिहायला गेलात तर लगेच एरर येते आणि नवा व्हेक्टर बनवून पूर्ण पोझिशन द्यावी लागते. शंकेला जागाच उरत नाही.

बदल पसरतो: गोडोचे रिसोर्स

आता लाल होणाऱ्या शत्रूंकडे वळू. गोडोमध्ये हा बग एवढ्या वेळा का येतो, याचं उत्तर एका वाक्यात आहे: सीनच्या (नोडच्या तयार संचाच्या) प्रती काढल्या तरी त्यातल्या रिसोर्सच्या प्रती निघत नाहीत. शत्रूच्या सीनमध्ये स्प्राइटला शेडर मटेरियल लावलं, त्या सीनचे वीस शत्रू बनवले, तर नोड वीस होतात आणि मटेरियल एकच राहतं. एकाच्या स्क्रिप्टने त्या मटेरियलचा पॅरामीटर बदलला की वीसही चमकतात. कोलिजन शेपमधल्या वर्तुळाची त्रिज्या एकाने वाढवली की सगळ्यांची वाढते. एडिटरमध्ये एक नोड निवडून कंट्रोल डी केलं तरी नव्या नोडला जुनाच रिसोर्स मिळतो.

कोडमधून लोड केल्याने सुटका होत नाही. लोड आणि प्रीलोड दोन्ही कॅशेतून, म्हणजे आधी उघडून ठेवलेल्या साठ्यातून, देतात. एकाच पाथवरची फाइल दहा ठिकाणी लोड करा, दहाही ठिकाणी तोच ऑब्जेक्ट मिळेल. ‘मी प्रत्येक शत्रूत वेगळं लोड केलंय’ हे वाक्य ऐकलं की बग सापडलाच असं समजा.

इंजिनने असं का ठरवलं हे लक्षात घेतलं तर राग येत नाही. २०४८ बाय २०४८ चं टेक्स्चर कॉम्प्रेस न करता ठेवलं तर १६ एमबी जागा घेतं. पन्नास शत्रूंना प्रत्येकी स्वतःची प्रत दिली असती तर एकाच चित्रासाठी ८०० एमबी गेले असते. वाटून वापरणं ही इथली योग्य मूळ सवय आहे. तुम्हाला अपवाद हवा आहे, तो सांगून घ्यावा लागतो.

सांगण्याचे मार्ग परिस्थितीनुसार वेगळे. एकाच सीनमधल्या दोन नोडना वेगळे रिसोर्स हवेत तर इन्स्पेक्टरमध्ये त्या रिसोर्सच्या मेनूतून मेक युनिक करा. सीनच्या प्रत्येक इन्स्टन्सला (प्रतीला) स्वतःचा रिसोर्स हवा तर रिसोर्सच्या गुणधर्मांत लोकल टू सीन चालू करा. शत्रूंच्या मटेरियलला बहुतेक वेळा हेच लागतं. आणि चालत्या गेममध्ये कोडने लोड केलेल्या रिसोर्सला लोकल टू सीनचा काही उपयोग नाही, ते सीन इन्स्टन्स होताना लागू होतं. तिथे रेडी फंक्शनमध्ये (नोड तयार झाला की ते चालतं) डुप्लिकेट करून स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा.

डुप्लिकेटच्या खोलीकडे लक्ष द्या. ॲरे किंवा डिक्शनरीवर नुसतं डुप्लिकेट केलं तर वरचा थर नवा आणि आतले ॲरे, डिक्शनरी जुनेच. डुप्लिकेटच्या कंसात ट्रू दिलं तर आतले ॲरे आणि डिक्शनरीही नवे होतात, पण त्यात ठेवलेले रिसोर्स तरीही सामायिकच राहतात. रिसोर्सवर डुप्लिकेट ट्रू केलं तर त्याचे सबरिसोर्स नवे होतात, मात्र गोडो ४ च्या ४.५ पूर्वीच्या आवृत्त्यांत त्याच्या ॲरेमध्ये किंवा डिक्शनरीत बसलेले सबरिसोर्स नवे होत नसत. तलवारीचा रिसोर्स, त्यात मंत्रांचा ॲरे, प्रत्येक मंत्र पुन्हा रिसोर्स: तलवारीची प्रत काढूनही मंत्र वाटलेले राहत, ते यामुळेच. ४.५ मध्ये डुप्लिकेट डीप आलं, त्यात आतले रिसोर्स किती खोलवर नवे करायचे ते सांगता येतं. जुन्या आवृत्तीत असाल तर लूप लावून एकेक मंत्र हाताने डुप्लिकेट करा.

रिसोर्सशिवायही हा बग येतो. नवा गेम सुरू केला तरी मागच्या खेळातलं सोनं तसंच दिसतं, ही तक्रार घ्या. कोडमध्ये मूळ डेटाची डिक्शनरी असते आणि नवा गेम सुरू करणारं फंक्शन म्हणतं:

डेटा = मूळ_डेटा

पहिल्या खेळात सगळं ठीक. खेळाडूने सोनं मिळवलं ते मात्र मूळ डेटातच जमा झालं, कारण डिक्शनरी एकच. दुसरा खेळ त्याच बदललेल्या मूळापासून सुरू होतो. तिथे डुप्लिकेट ट्रू हवं. गोडो ४ मध्ये अशी डिक्शनरी कॉन्स्ट म्हणून जाहीर केली तर ती वाचण्यापुरतीच राहते आणि लिहायचा प्रयत्न झाला की एरर येते. ही फुकट मिळणारी राखण आहे, जरूर वापरा.

टाइलचा ग्रिड बनवतानाचा सापळाही याच जातीचा. ॲरेला रीसाइझ करून फिल फंक्शनला रिकामा ॲरे दिला की दहा ओळी तयार झाल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात दहा जागी एकच ॲरे आहे, म्हणून एका ओळीत भिंत ठेवली की दहाही ओळींत उभी राहते. पायथनमध्ये लिस्टला दहाने गुणून ग्रिड केला तरी हेच घडतं. दोन्हीकडे लूप लावून प्रत्येक ओळ वेगळी बनवावी.

बदल पसरतो: इतर इंजिनं

युनिटीत या जागी स्क्रिप्टेबल ऑब्जेक्ट आहे. तो ॲसेट, म्हणजे प्रोजेक्टमधली फाइल, आहे आणि ज्याने ज्याने इन्स्पेक्टरमध्ये ओढून लावला त्या सगळ्यांचा एकच. त्याची हेल्थ कमी केली तर सगळ्यांची कमी. शिवाय एडिटरमध्ये प्ले थांबवल्यावरही ती कमीच राहते, कारण तुम्ही प्रोजेक्टमधल्या ॲसेटवर लिहिलं. तयार गेममध्ये मात्र बंद करून उघडलं की मूळ आकडा परत येतो. एडिटरमध्ये एक आणि बिल्डमध्ये दुसरंच, अशी तक्रार असली की स्क्रिप्टेबल ऑब्जेक्टमध्ये कोण लिहितंय ते शोधा. स्वतंत्र प्रत हवीच असेल तर इन्स्टँशिएट करून घ्या.

मटेरियलबाबत युनिटीने दोन दरवाजे ठेवले आहेत. रेंडररचं शेअर्ड मटेरियल घेतलं तर सगळ्यांचं मटेरियल, अगदी ॲसेटसकट, बदलतं. नुसतं मटेरियल घेतलं तर इंजिन गरजेप्रमाणे त्या रेंडररसाठी नवी प्रत बनवून देतं. ती प्रत नष्ट करण्याची जबाबदारी तुमची. शत्रू मरताना तिला डिस्ट्रॉय केलं नाही तर लांब चाललेल्या खेळात मेमरी वाढत जाते. मेश आणि शेअर्ड मेश ही जोडी याच धर्तीवर आहे.

लुआत मॉड्यूल रिक्वायर केलं की टेबल एकदाच तयार होतं आणि पुढच्या प्रत्येक रिक्वायरला तेच मिळतं. रोब्लॉक्समध्ये सर्व्हरवर एक आणि क्लायंटवर एक अशी वेगळी टेबलं असतात, त्यामुळे एका बाजूचा बदल दुसरीकडे दिसत नाही आणि लोक चक्रावतात. टेबल.क्लोन फक्त वरचा थर नवा करतं. लुआवरच्याच डीफोल्ड इंजिनमध्ये व्हेक्टर३ हा युजरडेटा, म्हणजे रेफरन्स. क्यू = पी लिहून क्यूचा एक्स बदलला तर पीचाही बदलतो; पीपासून नवा व्हेक्टर३ बनवून घ्यावा लागतो. पायथनच्या पायगेममध्येही सुरुवात = जागा असं लिहून नंतर जागा += वेग केलं की सुरुवातीची जागाही सरकत राहते, कारण तिथला व्हेक्टर२ += करताना जागेवरच बदलतो. जागा = जागा + वेग लिहिलं तर नवा व्हेक्टर तयार होतो आणि सुरुवात शाबूत राहते.

शंका असेल तर तपासा

अंदाज बांधण्यापेक्षा इंजिनलाच विचारणं स्वस्त. गोडोमध्ये दोन शत्रूंच्या मटेरियलचा गेट इन्स्टन्स आयडी छापा. आकडा एकच आला तर वस्तू एकच. डिक्शनरी आणि ॲरेसाठी इझ सेम हे फंक्शन वापरा. तिथे दुहेरी बरोबर चिन्हावर विसंबू नका: गोडो ४ मध्ये ते आतला मजकूर ताडून पाहतं, त्यामुळे दोन स्वतंत्र पण सारख्या डिक्शनऱ्यांनाही होकार देतं. लुआत रॉइक्वल आहे. सी शार्पमध्ये रेफरन्सइक्वल्स आहे, पण त्याला स्ट्रक्ट देऊ नका. स्ट्रक्ट आधी बॉक्स होतो, म्हणजे त्याची प्रत नव्या वस्तूत गुंडाळली जाते, आणि उत्तर कायम नाहीच येतं. एखादी प्रॉपर्टी प्रत देते का हे पाहायचं तर ती दोनदा वाचा आणि दोन्ही उत्तरं रेफरन्सइक्वल्सला द्या. मेशच्या व्हर्टिसेससाठी नाही असं उत्तर येईल आणि कोडं तिथेच सुटेल.

पुन्हा येऊ नये म्हणून

हा बग परत परत येतो कारण लोक तो ज्या ओळीत दिसला तिथे बुजवतात. प्रत्येक ठिकाणी डुप्लिकेट पेरलेला कोड मी दुरुस्ती मानत नाही. त्यात मेमरी वाया जाते, आणि जिथे वाटून वापरणं हवं होतं तिथेही ते तुटतं: डिझायनर चालत्या गेममध्ये मूळ रिसोर्सचा आकडा बदलतो आणि कुणावरच परिणाम होत नाही, कारण सगळे आपापल्या प्रती घेऊन बसलेले असतात.

व्याख्या आणि स्थिती वेगळ्या ठेवा. गॉब्लिनची कमाल हेल्थ १००, त्याचा वेग, चित्र, आवाज ही व्याख्या. ती रिसोर्समध्ये किंवा स्क्रिप्टेबल ऑब्जेक्टमध्ये राहू द्या, सगळ्या गॉब्लिननी तीच वाटून घ्यावी, आणि चालत्या गेमने तिच्यात कधीही लिहू नये. या क्षणी या गॉब्लिनची हेल्थ ४० आहे, तो विषारी झाला आहे, ही स्थिती. ती त्याच्या नोडवरच्या स्क्रिप्टमध्ये साध्या व्हेरिएबलमध्ये असावी. रेडीमध्ये एकच ओळ लागते:

हेल्थ = माहिती.कमाल_हेल्थ

हेल्थ हा आकडा, म्हणजे व्हॅल्यू टाइप, त्यामुळे प्रत आपोआप निघते. मग शत्रूच्या हेल्थसाठी डुप्लिकेटची गरजच राहत नाही. सी शार्पमध्ये व्याख्येची फील्ड प्रायव्हेट ठेवून बाहेर फक्त वाचणारी प्रॉपर्टी द्या, म्हणजे चुकून लिहिणारी ओळ कंपायलरच अडवेल.

एका ठिकाणी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. व्याख्येत ॲरे असेल, समजा खेळाडूचं सुरुवातीचं सामान, तर

सामान = माहिती.सुरुवातीचं_सामान

ही ओळ वरच्या हेल्थच्या ओळीसारखीच दिसते आणि अगदी उलट वागते. खेळाडूने उचललेली पहिली वस्तू थेट व्याख्येत जाऊन बसते. इथे डुप्लिकेट हवंच, आणि ॲरेमधल्या वस्तू खेळताना झिजत किंवा बदलत असतील तर प्रत्येक वस्तूसाठी पुन्हा हाच विचार करावा लागतो: तलवारीचं नाव आणि धार व्याख्येत, तिची उरलेली टिकाऊ शक्ती स्थितीत. सेव्ह फाइलमध्येही मग व्याख्येचा पाथ किंवा ओळख क्रमांक आणि त्यासोबत स्थितीचे आकडे एवढंच जातं. पुढच्या अपडेटमध्ये तुम्ही तलवारीची धार वाढवली, तर जुन्या सेव्हमधल्या तलवारीलाही ती मिळते.